फाल्गुन-चैत्रात गोदेच्या काठाने सायकल : रस्ता, सराटे आणि परतीची वेळ

सिडकोकर

होळी झाली की एका रविवारी सकाळी नाशिकला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाकाठाने सायकलवर फेरी काढायची आहे. गोल्फ क्लब मैदानापासून निघायचं, तिथेच परत यायचं, साधारण तीस किलोमीटर. सात जण आहोत, त्यात दोघं बारा-तेरा वर्षांची. सायकली म्हणाल तर तीन हायब्रिड (टायरचं माप ७०० × ३५), दोन एमटीबी म्हणजे माउंटन बाइक (२६ × १.९५) आणि दोन साध्या, बिनगिअरच्या.

काठाने सलग जाता येतं का, की मधे मधे रस्त्यावर यावं लागतं? मखमलाबादकडचा पाटाचा रस्ता या दिवसांत सायकलला कसा असतो? आणि सराट्यांचं काय करायचं? गोदापार्कच्या बाजूला एकेका चाकाला तीन-तीन पंक्चर होतात असं ऐकलंय. टायरमध्ये हवा किती ठेवायची तेही सांगा. फोटो काढणारे दोघं आहेत, पळस-पांगारा दिसेल असा रस्ता असला तर आणखी बरं.

---

गोदाकाठी

सलग काठ नाही, हे धरूनच आखणी करा. नकाशात नदीलगत हिरवी पट्टी दिसते, तिच्या भरवशावर निघालात तर दर दीड-दोन किलोमीटरला सायकल खांद्यावर घ्याल. गोदापार्क तुकड्यातुकड्यांनी आहे. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी नदीकाठाची बरीच मोडतोड केली. कुठे फरशा उखडलेल्या, कुठे मधेच नाला आडवा, कुठे वाट सरळ पायऱ्यांवर जाऊन संपते. म्हणून काठ धरून ठेवायचा हट्ट सोडा. रस्त्याने जायचं आणि ठरलेल्या चार-पाच ठिकाणी नदीवर उतरायचं.

दिशा महत्त्वाची. आधी वर, म्हणजे पश्चिमेला गंगापूरकडे, आणि मग खाली तपोवनाकडे. नदी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, त्यामुळे जाताना सगळा बारीक चढ आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण बिनगिअरवाल्याच्या मांड्यांना कळतो. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हाच तो काढून टाकायचा. दहा-अकराच्या पुढे पश्चिमेचा वारा उठतो, उशीर झालाच तर तो परतताना पाठीवर मिळेल. एकच तोटा : येताना ऊन थेट डोळ्यांत. हेल्मेटखाली पुढे झापड असलेली पातळ टोपी घाला.

मार्चच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, एप्रिलच्या मध्यात सव्वासहाला. मार्चमध्ये जाणार असाल तर सव्वासहाला निघा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं पुढचा-मागचा दिवा लागेल. गंगापूर रोडला त्या वेळी वाहनं कमी असतात, आठनंतर मात्र नाइलाज झाला तरच मुलांना त्या रस्त्याने न्या.

रस्ता असा : मैदान, गंगापूर रोड, जेहान सर्कल, आनंदवल्ली. इथे नवश्या गणपतीपाशी पहिल्यांदा नदीवर उतरा. मग सोमेश्वर. मैदानापासून सोमेश्वर सात-एक किलोमीटर. दुधसागर धबधब्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच तो पडतो. नाहीतर काळा खडक आणि मधल्या डबक्यांत थांबलेलं पाणी. मला विचाराल तर तो खडक तसाच बघण्यासारखा आहे, पावसाळ्यात तो दिसतच नाही. तिथून गंगापूर गावापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. पुढे धरणाच्या भिंतीकडे वळायचं नाही, तो प्रतिबंधित भाग आहे.

परतताना आसारामबापू पुलावरून नदी ओलांडा, मखमलाबाद गाठा, तिथून पाटाच्या कडेने दोन-तीन किलोमीटर आणि मग पंचवटीत उतरा. रामकुंडापासून तपोवनातल्या कपिला संगमापर्यंत अडीच-तीन किलोमीटर. रामकुंडाच्या आसपास सायकल हातात धरून चाला. घाटाच्या फरशीवर पाणी, साबण आणि फुलांचा लगदा असतो. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरळ बाजूला सरकतं. रविवारी तिथे चालवायला जागाही नसते. तपोवनातून द्वारकेमार्गे मैदानात. सगळं मिळून तीसच्या आसपास भरतं. सिंहस्थाच्या कामांमुळे घाट आणि तपोवनाकडचे रस्ते कधी खणले जातील याचा नेम नसतो, आदल्या दिवशी कुणाला तरी दुचाकीवर पाठवून बघून या.

उद्यानांच्या आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सायकल घालू नका. चालणारी म्हातारी माणसं असतात, त्यांना मागून येणारी सायकल ऐकू येत नाही.

---

फ्रीव्हील

रस्त्याचं वर आलंच आहे. मी काटे आणि हवा घेतो, कारण या दिवसांत फेरी मोडते ती त्यांच्यामुळेच.

सराटा पावसाळ्यात जमिनीसरशी पसरतो, माघ-फाल्गुनापर्यंत वाळतो आणि त्याची फळं फुटून सुटी होतात. एकेक तुकडा असा पडतो की कसाही पडला तरी एक काटा वरच. ते साचतात कुठे? डांबराच्या कडेच्या त्या हातभर पट्टीत. मधल्या भागातले मोटारींच्या चाकांना चिकटून निघून जातात, कडेचे तिथेच राहतात. म्हणजे मोटारीला जागा द्यायला तुम्ही कडेला गेलात की नेमके सराट्यांवर. कडेपासून तीन-साडेतीन फूट आत चालवा, मागून गाडी आली तर वेग कमी करून कडेला घ्या, ती गेली की परत आत या. आणि फोटोसाठी थांबताना सायकल गवतात नेऊन उभी करू नका, उचलून न्या. निम्मे पंक्चर थांबल्यावरच होतात, चालवताना नाही.

दुसरा काटा बाभळीचा. तो लांब आणि सरळ असतो, टायरच्या बगलेतूनही घुसतो. शेताच्या कुंपणाला रचलेल्या काटेरी फांद्यांतून गाडीवाटेवर पडतो. त्याला टायरमधली पंक्चररोधक पट्टी-बिट्टी काही अडवत नाही, दिसला तर चुकवायचा एवढंच.

हवा. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसासाठी ७०० × ३५ ला मागे ५५ आणि पुढे ५० पीएसआय. २६ × १.९५ ला मागे ४०, पुढे ३५. मुलांना प्रत्येकी पाच-सहा कमी. टायरच्या बगलेवर छापलेली किमान-कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. काट्यांच्या भीतीने लोक हवा कमी करतात, ते उलटं आहे : खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते. शिवाय सकाळी भरलेली हवा उन्हात वाढते. पहाटे अठरा अंशाला ५५ भरली आणि टायर अडतीस अंशाला तापला तर चार-पाच पीएसआय जास्त दिसेल. म्हणून सकाळी अगदी कमाल मर्यादेपर्यंत भरू नका.

पंक्चर झाल्यावर आधी भोक वाचायला शिका. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक : काटा. शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या : हवा कमी होती, ट्यूब चिमटली. आतल्या, रिमकडच्या बाजूला भोक : रिमची पट्टी सरकलीय आणि स्पोकचं टोक लागतंय. पहिल्या प्रकारात कारण टायरमध्येच रुतून बसलेलं असतं. ते न काढता नवी ट्यूब घातली तर दोनशे मीटरवर पुन्हा तेच. टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर ठेवलेलं असेल तर त्यावरून भोकाची जागा टायरवर मोजता येते. तिथे आतून सुती फडकं फिरवा. फडकं अडकलं की काटा तिथे. बोट फिरवू नका, बोटातच जातो.

गळती शोधायला ट्यूब फुगवून ओठांजवळून फिरवा, झुळूक लागते. पाटाच्या पाण्यात बुडवायला कुणी वाकू नका.

पॅच न टिकण्याचं कारण बहुतेक वेळा घाई. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा भाग घासा, चकाकी गेली पाहिजे. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असेल तर ती घासून सपाट करा, नाहीतर तिच्या कडेने हवा निघते. सोल्युशनचा पातळ हात द्या आणि चार-पाच मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकटल्यासारखं वाटावं पण बोटाला लागू नये, मग पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच टायरमध्ये घातल्यावर सरकतो.

सात सायकलींना मिळून : ७०० च्या दोन ट्यूब, २६ ची एक, साध्या सायकलींच्या मापाची एक. दोन पॅच किट, प्लास्टिकचे सहा टायर लिव्हर, एक हातपंप ज्याला दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हची तोंडं आहेत. हायब्रिडना प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपाची हवा बसत नाही, पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. आणि पंपावर भरायची वेळ आलीच तर दाब एकदम सोडू नका, एक-एक सेकंदाचे झटके द्या. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा ती किती!

सीलंट (ट्यूबमधलं भोक आपोआप बुजवणारा द्रव) घालणार असाल तर ट्यूबच्या व्हॉल्व्हचा गाभा निघणारा हवा. ७०० × ३५ ला ८० मिली, २६ × १.९५ ला १०० ते १२०. घातल्यावर चाक फिरवा आणि दोन-तीन किलोमीटर चालवून आणा. सराटा दिसला तर लगेच उपटू नका, घरी जाऊन काढा. काढल्यावर भोक खाली करून चाक मिनिटभर ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं, गेल्या दिवाळीचं असेल तर ते नाहीच असं समजा.

---

पंचक

गोदाकाठींच्या पाटाच्या रस्त्याला माझा विरोध आहे, निदान मुलं बरोबर असताना तरी.

तो पाटबंधाऱ्यांचा देखभालीचा रस्ता आहे, सायकल ट्रॅक नाही. कठडा नाही. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या असतात. पुढचं चाक चाकोरीत गेलं की हँडल वळत नाही, आणि चाकोरी पाण्याच्या बाजूला झुकलेली असेल तर सायकल तिकडेच जाते. रब्बीचं किंवा उन्हाळी आवर्तन चालू असेल, म्हणजे शेतीसाठी पाटात पाणी सोडलेलं असेल, तर पाट काठोकाठ वाहतो. वरून संथ दिसतो, पण ओढ जबर असते, आणि तिरप्या काठांवर शेवाळ असतं, हाताला धरायला काही नाही. पोहता येणाराही चढून येत नाही. तिथल्या बुडण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतोच आपण.

आवर्तन चालू आहे का ते आदल्या दिवशी मखमलाबादमध्ये कुणाही शेतकऱ्याला विचारा, तारखा तोंडपाठ असतात. चालू असेल तर पाट विसरा आणि मखमलाबाद रोडने सरळ पंचवटीत या. बंद असेल तरच जा, तेही एकामागोमाग एक, शेताच्या कडेने, पाण्यापासून किमान सहा फूट. पुढे एक मोठा, मागे एक मोठा, मधे मुलं. गुरं समोरून आली तर उतरून शेताच्या बाजूला उभं राहायचं, पाण्याच्या बाजूला नाही. गुरं बुजली तर ढकलतात. सायकल पाण्यात गेली तर जाऊ द्यायची, तिच्यामागे कुणी उतरायचं नाही. हे निघण्याआधी मुलांकडून वदवून घ्या.

---

करंजपालवी

फुलांचं कुणीच बोललं नाही.

पळस माघाच्या अखेरीस सुरू होतो आणि फाल्गुनात भरात असतो. होळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी गेलात तर झाडाखाली सडा जास्त, फांदीवर कमी. शहरातल्या शहरात पळस फार नाही, गंगापूर गावाकडच्या बांधांवर आणि माळावर बघा. काटेसावर आणि पांगारा साधारण त्याच सुमाराला, दोन्हीही पानं गाळून फुलतात त्यामुळे लांबून ओळखू येतात. सावरीचं फूल मोठं, जाड पाकळ्यांचं, पडताना थपकन आवाज येतो. पांगाऱ्याची फुलं वाघनखासारखी वळलेली, घोसात. फोटोला सावर बरी, कारण पक्षी तिच्यावर तुटून पडतात : मैना, बुलबुल, कोतवाल सगळे एकाच झाडावर सापडतील. सकाळी साडेसात-आठपर्यंत, ऊन तिरपं असताना.

गुढीपाडव्याच्या पुढे गेलात तर पळस संपलेला असेल, पण करंज आलेला असेल. त्याची कोवळी पालवी आठवडाभरच तशी दिसते, ओली असल्यासारखी चकचकीत, उन्हात पोपटी. तोवर कडुनिंबही मोहरलेला असतो, त्याचा वास सकाळीच येतो, ऊन चढलं की जातो. नदीलगत वाळुंज आणि उंबर आहेत. उंबराखाली पिकलेली फळं तुडवली गेलेली असतात, तिथे चाक घसरतं, बेतानं.

आग्या मोहोळ लक्षात ठेवा. या फुलोऱ्याच्या दिवसांत पुलांखाली, उंच झाडांवर, पांडवलेण्यांसारख्या कड्यांवर लोंबतात. खाली थांबायचं नाही, धूर करायचा नाही, दगड तर नाहीच. उग्र अत्तर लावून येऊ नका. माशा उठल्याच तर सायकल टाकून पळा, हात हलवत उभे राहू नका आणि पाण्यात उडी मारू नका.

द्राक्षबागा रस्त्याला लागून दिसतील आणि घड हाताला येतील असेच असतात. तोडायचे नाहीत हे वेगळं सांगायला नको, पण मुलांना कारणही सांगा : फवारणी कधी झाली ते बाहेरून कळत नाही. हंगाम चालू असताना क्रेट भरलेल्या पिकअप गावच्या अरुंद रस्त्यांवर जोरात येतात. आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू झाली की तोडलेल्या काड्या रस्त्यावर येतात. अशी काडी मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) शिरली की करकर आवाज येतो. त्याच क्षणी पायडल थांबवा. आणखी अर्धा फेरा मारला तर डिरेलर वर ओढला जाऊन तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मोडतो, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, रविवारी सकाळी कुठून आणणार? उतरा, चाक उलटं फिरवा, काडी काढा. गिअरची सायकल आडवी ठेवायची झाली तर डाव्या अंगावर.

---

सिडकोकर

सगळ्यांचे आभार. आवर्तन विचारून ठरवतो, चालू असेल तर पाट रद्द. दोन शंका राहिल्या. साध्या सायकलींपैकी एकीच्या मागच्या चाकाची हवा दोन दिवसांत उतरते, पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात घालून पाहिली, भोक नाही म्हणाला. ती फेरीला न्यावी का? आणि मुलांसाठी पाणी किती घ्यायचं?

---

फ्रीव्हील

वॉलट्यूब बदला. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या आत नळीवर रबराची बारीक नळी चढवलेली असते, ती उन्हाने आणि जुनेपणाने कडक होते, चिरते. पंक्चरवाल्याने बहुधा ट्यूब बुडवली, व्हॉल्व्ह वर ठेवला. तपासायला टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावा, बुडबुडा आला की तीच. नवी वॉलट्यूब मापाने कापून, किंचित ओली करून नळीवर पूर्ण चढवा, बाजूचं भोक झाकलं गेलं पाहिजे. तेल लावू नका, रबर फुगतं. वीतभर जास्तीची घेऊन ठेवा, अगदी किरकोळ पैशांत मिळते. एवढं केल्यावर दोन दिवस हवा टिकली तर खुशाल न्या.

साध्या सायकलींच्या ब्रेकचे रबरही बघून घ्या. पंचवटीत उतरताना लागतात ते. रबर कडक होऊन चकाकत असेल तर पॉलिश पेपरने घासा, खाचा बुजल्या असतील तर बदला.

---

गोदाकाठी

पाणी : मोठ्यांना ताशी अर्धा ते पाऊण लिटर, मुलांना अर्धा लिटर धरा. थांबे धरून साडेतीन-चार तास लागतील, म्हणजे मुलांना दोन लिटर, मोठ्यांना दोन ते तीन. एकदम ओझं नको, निम्मं घेऊन निघा आणि सोमेश्वरला भरून घ्या. नुसतं पाणी पाजत राहू नका. एका बाटलीत ओआरएस ठेवा, पुडीवर लिहिलेल्या मापाने. पुडी नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घोट. मूल बडबड थांबवून गप्प झालं किंवा डोकं दुखतं म्हणालं तर सावलीत बसवा, कपाळ-मान ओली करा, आणि तिथून रिक्षाने घरी. फेरी पूर्ण करायची नाही.

वेळेचं एकच बंधन पाळा : साडेआठला तुम्ही आसारामबापू पुलाच्या अलीकडे असाल तर मखमलाबाद सोडून द्या आणि गंगापूर रोडनेच परत फिरा. तपोवन दुसऱ्या रविवारी. मिसळ खायची असेल तर शेवटी, मैदानावर आल्यावर. मधे खाल्लीत तर पुढचे दहा किलोमीटर तर्रीच वर येत राहील.

पंचाच्या सूचनेशी, म्हणजे पंचक यांच्या सूचनेशी, सहमत. मुलं असताना पाट नको हेच बरोबर. माझ्या यादीतून तो काढा.

---

पंचक

नावाची चेष्टा माफ. पण तारीख पक्की करण्याआधी पंचांग बघा. होळीनंतरचा पहिला रविवार धरत असाल तर तो रंगपंचमीला येऊ शकतो, आणि नाशिकला रंग धुळवडीला नाही, पंचमीला. त्या दिवशी तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक इकडे रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात, पंचवटी-जुन्या नाशकातून सायकल काढणं अशक्य. चैत्रात कामदा एकादशीला रामरथाची मिरवणूक असते, ती संध्याकाळी गंगाघाटावर येते, पण बंदोबस्त आणि बांबू दुपारच्या आधीपासून लागतात. शिवाय रविवार रद्द होऊन मधला वार धरलात तर बुधवार नको. घाटावर आठवडे बाजार भरतो, भाजीच्या पाट्या पहाटेच उतरतात.